सौदी : तेव्हा आणि आत्ता

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत आखातातून परतलेली चार घरं आहेत. संध्याकाळी खाली बाकावर बसलं की गाडी सौदीवर येतेच. म्हणून हा धागा. पूर्वी तिथे राहिलात आणि अलीकडे पुन्हा गेलात, तर काय बदललेलं दिसलं ते लिहा. ऐकीव नको, पाहिलेलं.

सुरुवात मी करते. १९९६ ते २००७ आम्ही दम्मामला होतो. गाडी दारात, चावी खुंटीला, पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी ह्यांची ड्यूटी संपायची वाट बघायची. सुट्टीत नाशिकला आले की मी स्कूटी काढून उगाचच गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायचे. गेल्या वर्षी मुलाकडे रियाधला गेले. टॅक्सी मागवली, तर चालवायला बाई! जून २०१८ पासून परवानगी आहे हे पेपरात वाचलं होतं, तरी मी मागे अंग चोरून बसले. अबायाची, म्हणजे त्या अंगभर सैल झग्याची, आता सक्ती नाही म्हणे. मी घातलाच. अकरा वर्षांची सवय, जाते थोडीच.

– नाशिकरोडहून :
मी वेल्डर. २००३ला यान्बूत अजान झाली की शटर खाली. शवारमा हातात पडायच्या आत दुकान बंद, मग आम्ही उन्हात. मुतव्वा, म्हणजे धार्मिक पोलीस, ओरडत यायचा, "सलाह, सलाह!" (नमाज, नमाज!) २०२३ला पुन्हा गेलो तर नमाजाच्या वेळी सुपरमार्केट चालू. मी सवयीने ट्रॉली सोडून दाराकडे निघालो, कॅशियर हसला. पासपोर्ट मात्र तेव्हाही मालकाच्या कपाटात होता, आताही तिथेच. बदल कुणासाठी झाला तेही लिहा की ताई.

– सिडकोतून :
हॉटेलांना 'फॅमिली' आणि 'सिंगल' अशी दोन दारं असायची. आता एकच. आम्हा सड्यांना त्या मागच्या दाराने काय काय सोसायला लावलंय!

– पंचवटीतून :
मी जेद्दाहला नर्स होते. एप्रिल २०१६मध्ये त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात बायका गेल्याची बातमी माझ्या सौदी मैत्रिणीने मोबाइलवर पाहिली. तेव्हा तिला गाडी चालवायची मुभा नव्हती. तिने विचारलं, "हे तुझंच गाव ना? म्हणजे आधी सोडत नव्हते?" मी तिच्यापुढे चिवड्याचा डबा सरकवला.