रोजच्या लिखाणाला कुठली शाई ठेवायची? तीन दौती आणि डोक्याला ताप

सांडलेली_दौत
मंडळी, सल्ला हवाय. रोज हाताने चार-पाच पानं लिहितो, नोट्स आणि कामाच्या याद्या, आणि लिहून झालं की वरून पिवळा हायलायटर फिरवायची सवय आहे. फाउंटन पेन एकच, स्टीलची मीडियम निब, कन्व्हर्टरवालं (दौतीतून शाई ओढून घेणारी आतली नळी). कागद साधा प्रिंटरचा.

टेबलावर सध्या तीन दौती आहेत. पहिली निळी, धुतली की जाणारी. एकदम गुणी, पेन कधी अडत नाही, पण हायलायटर लागला की अक्षरं वाहून पान हिरवट होतं आणि हायलायटरचं टोकही खराब. दुसरी जपानी, रंग बघत बसावा असा, पण या कागदावर प्रत्येक अक्षराला मिशा फुटतात आणि मागची बाजू लिहिण्यालायक राहत नाही. तिसरी काळी 'पर्मनंट', ती मात्र पाण्याला दाद देत नाही, पण पेन तीन दिवस पडून राहिलं की पहिल्या दोन ओळी नुसतं खरडत बसायचं. नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर भांडण ब्रँडवरच जाईल. एकच ठेवायची तर कशावरून ठरवू? की चौथी घेऊ? (घरी चौथी म्हटलं की काय होईल ते विचारू नका.)

टीपकागद
सगळ्यात आधी ती काळी उचला आणि लेबल वाचा. पिगमेंट किंवा कार्बन लिहिलंय का? साध्या शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, पिगमेंटमध्ये बारीक कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून कागदावर सुकली की हलत नाही, पण फीडमध्ये, म्हणजे निबपर्यंत शाई पोचवणाऱ्या भागात, सुकली तरी तेच. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक, सेलरची सेइबोकु या अशाच, पण मुद्दाम फाउंटन पेनसाठी बनवलेल्या, रोज लिहिणाऱ्याला काही त्रास नाही. पेन आठवडाभर ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्यांनी नादी लागू नये. आणि चित्रकलेची इंडिया इंक पेनमध्ये कधीच घालू नका, तिच्यात बहुतेकदा लाख असते, एकदा सुकली की पेन संपलं समजा.

आता जपानी. शाई फुटते यात अर्धा दोष कागदाचा आणि पाव दोष निबचा. कागदाला खळ कमी असली की शाई धाग्यांतून आडवी पळते. त्यात मीडियम निब आणि खळाळून वाहणारी शाई, मग मिशा फुटणारच. पायलटच्या इरोशिझुकु शाया चांगल्याच ओल्या चालतात, म्हणजे सढळ वाहतात, पेलिकनची ४००१ त्या मानाने कोरडी. म्हणून ओल्या पेनात कोरडी शाई आणि कोरड्या पेनात ओली, हा साधा हिशोब. तुम्ही तिन्ही एकाच पेनात बघताय हे बरोबर आहे, फक्त मध्ये पेन नीट धुताय ना? आधीच्या शाईचा अंश राहिला तर तुलना गेली, आणि दोन शायांचं एकमेकींशी जमलं नाही तर आत गाळ बसतो तो वेगळाच.

हिराकस_आणि_मायफळ
नावावरून कळलंच असेल मी कुणाच्या बाजूने आहे 😄 आयर्न गॉल शाई घ्या हो. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, रोहरर अँड क्लिंगनरची सालिक्स, डायमाइनची रजिस्ट्रार्स. मूळ प्रकार शेकडो वर्षं जुना, मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह. लिहिताना निळी दिसते ती वरून घातलेल्या रंगामुळे, लोहाचं संयुग तेव्हा जवळजवळ बिनरंगी असतं, मग हवा लागून हळूहळू काळं पडतं आणि धाग्यांना चिकटून बसतं. सकाळी लिहिलेली ओळ आणि आत्ता लिहिलेली ओळ शेजारी ठेवा, फरक डोळ्यांना दिसतो. स्वस्त कागदावरही अक्षर कापल्यासारखं येतं, मागे उमटत नाही.

एक पथ्य आहे, ही शाई आम्लधर्मी असते. पेनात महिनोन्‌महिने सुकू देऊ नका, विशेषतः स्टीलच्या निबला, सोन्याच्या निबला तेवढी भीती नाही. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा.

ओळीबाहेर
हिराकसदादा, यादीत 'बल्ब आणणे' लिहायला शंभर वर्षं टिकणारी शाई कशाला? 😂 रोजच्या लिखाणाला माझ्या मते कंटाळवाणी शाईच बरी, वॉटरमन सेरेनिटी ब्लू किंवा पार्करची क्विंक, जी धुताना दोन मिनिटांत निघते. क्विंक हे नावच क्विक आणि इंक मिळून झालंय, १९३१ पासून आहे, पटकन सुकावी म्हणूनच काढलेली.

आणि दौतभाऊ, खरा गुन्हेगार हायलायटर आहे, त्यात पाणी असतं म्हणून शाई वाहते. पिवळी रंगीत पेन्सिल वापरून बघा, शाई जागची हलणार नाही.

टीपकागद
पेन्सिलला अनुमोदन, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अजून एक, पानाच्या खालच्या भागात शाई तुटते का? ती बहुतेकदा शाईची चूक नसते, तळहाताचं तेल लागलेलं असतं. हाताखाली एक चिटोरा ठेवा. नवी शाई घ्यायच्या आधी हे सगळं होऊ द्या, एका वेळी एकच गोष्ट बदला.

सांडलेली_दौत
सगळ्यांचे आभार. काळ्या बाटलीवर बारीक अक्षरात पिगमेंट लिहिलेलं निघालं, तेव्हा तो प्रश्न मिटला, ती आता फक्त पाकिटांवर पत्ते लिहायला.

काल रात्री बसून प्रयोग केला. त्याच कागदावर 'क्षितिज' हा शब्द, कारण 'क्ष'च्या गाठीत शाई भरली की लगेच कळतं. प्रत्येक ओळीवर पाच, दहा, पंधरा सेकंदांनी बोट फिरवलं. जपानी पंधरालाही पुसली जात होती, निळी दहाला कोरडी. मग मित्राचं जपानी फाइन निबचं पेन आणलं आणि तीच जपानी शाई त्यात भरली. मिशा गायब! 'क्ष'ची गाठ मोकळी, मागच्या बाजूला अगदी पुसट सावली, आणि दहाला सुकली. म्हणजे मी दोन महिने शाईला शिव्या घालत होतो आणि निब जाड होती. खालच्या तीन ओळी तुटतात तेही खरं निघालं, चिटोरा ठेवला आणि बंद.

हायलायटर मुलीला देऊन टाकला, पिवळी पेन्सिल तिच्याकडूनच घेतली.

हिराकस_आणि_मायफळ
मग आयर्न गॉलचं काय?

सांडलेली_दौत
दादा, चौथी दौत नाही घेतली. फाइन निबचं पेन मागवलंय. घरी अजून सांगितलेलं नाही.