मानांकनाच्या पाटीमागे काय असतं?

कुणीतरी म्हटलंय की शाळा नावाजली जाते ती निकालामुळे, बाकी सगळी सजावट. अर्धं पटलं. अमेरिकेत उत्तम शाळांसाठीचा 'ब्लू रिबन' पुरस्कार 1982 मध्ये सुरू झाला, तिथे गुणांना वजन होतंच. पण गुणवत्ता गाठणारे आणि मुलांच्या गुणांमधली दरी बुजवणारे असे दोन वेगळे गट त्यात होते, हे विसरू नका. खास मधल्या इयत्तांच्या शाळांना मानांकन देणारा तिथलाच 'स्कूल्स टू वॉच' उपक्रम तर अभ्यासाबरोबर मुलांच्या वयाच्या गरजांची समज, समन्याय आणि शाळेची घडी हेही तपासतो. शिवाय दर तीन वर्षांनी शाळेचीच पुन्हा परीक्षा, म्हणजे पाटी एकदा लावली की झालं असं नाही.

माझ्या मते खरी मेख शिक्षकांच्या सामाईक तासात आहे. गणित, भाषा, विज्ञान शिकवणारे एकाच तुकडीचे शिक्षक रोज एकत्र बसले, की कळतं: हा मुलगा अपूर्णांकात अडत नाहीये, त्याला गणिताचं वाक्यच वाचता येत नाही. एकट्या गणिताच्या सरांना हे वर्षभर दिसलं नसतं.

आणि हजेरी! फिलाडेल्फियातल्या 2007 च्या अभ्यासात सहावीत 80 टक्क्यांहून कमी हजेरी असलेली फार थोडी मुलं पुढे वेळेवर शाळा पूर्ण करू शकली. पण हजेरीपटाचा फोटो माहितीपुस्तिकेत कोण छापणार?