संत्रा खरेदीचं ॲप: काउचडीबी की मॉंगोडीबी?

बर्डीवाला: काटोल-नरखेडकडच्या संत्रा व्यापाऱ्यांसाठी ॲप करतोय. माणूस बागेत जाऊन सौदा, इसार, क्रेट मोबाइलवर टाकतो. रेंज असली तर असली. प्रत्येक सौद्याच्या अटी वेगळ्या, म्हणून डॉक्युमेंट डेटाबेस, म्हणजे ठरावीक रकाने न लावता प्रत्येक नोंद वेगळ्या कागदासारखी ठेवणारा; काउचडीबी, मॉंगोडीबी दोन्ही तसलेच. माझा कौल काउचडीबीला: फोनमध्ये पाउचडीबी (काउचशी जुळणारा छोटा डेटाबेस), रेंज आली की सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी आपोआप एकमेकांकडे जातात. मॉंगोवाल्यांनी खोडून दाखवावं.

परसोडी_आयटी: खोडतो. आंबिया बहारात शेठ विचारणार, कोणत्या गावातून किती क्रेट, कोणाला इसार गेला पण माल आला नाही. मॉंगोत ॲग्रिगेशन पाइपलाइन (नोंदी गाळून, गट करून बेरीज देणारी क्वेरी) लिहिली की झालं. काउचमध्ये अशा रिपोर्टसाठी व्ह्यू, म्हणजे त्या प्रश्नापुरती यादी, आधी बांधून ठेवा. शिवाय मॉंगो येणारी पोरं इथं टपरीवरही भेटतात. काउचवाला एक आणून दाखव.

बर्डीवाला: नोंदच आली नाही तर रिपोर्ट कशाचा? मॉंगोचं स्वतःचं डिव्हाइस सिंक तर त्यांनीच २०२४ मध्ये गुंडाळायला काढलं.

वऱ्हाडी_माणूस: सिंक सिंक काय करून राह्यला बे? एकाच सौद्याचा भाव बापानं टनाला ४० हजार लिहिला, पोरानं दुसऱ्या फोनवर ३८. दोघंही ऑफलाइन. कोणचा खरा? शेवटी टाकला तो? नाही भाऊ, काउच वेळ पाहतच नाही. ज्याची रिव्हिजनची, म्हणजे बदलांची, साखळी लांब, तो जिंकते. हरलेला भाव आत पडून राहते, पण तुह्या कोडनं मागितला नाही तर शेठले दिसतच नाही. पैशाचं काम आहे राजा.

बर्डीवाला: म्हणून जुनं डॉक्युमेंट बदलायचंच नाही. वहीत खाडाखोड न करता खाली नवी ओळ टाकतात तसं, प्रत्येक भाव, प्रत्येक इसार नवीन डॉक्युमेंट. टक्करच होत नाही.

वऱ्हाडी_माणूस: टक्कर नाही, पण भाव दोन राह्यलेच ना.

बर्डीवाला: दोन्ही दिसतील, शेठ एकावर बोट ठेवेल. ते डेटाबेसनं ठरवूच नये.

परसोडी_आयटी: नवीनच नोंद करायची तर फोनवर एसक्यूलाइटमध्ये (फोनमधला छोटा साधा डेटाबेस) रांग लाव, रेंज आली की मॉंगोत ढकल. काउच कशाला?

बर्डीवाला: मधेच रेंज गेली अन् तीच नोंद दोनदा गेली तर? दुसऱ्या फोनचं इकडे कोण आणणार? ते सगळं तू लिही, मी तयार मिळतं ते वापरतो.

परसोडी_आयटी: आणि परवानगी? काउचमध्ये वाचायचा हक्क अख्ख्या डेटाबेसवर असतो. एकाचा भाव दुसऱ्याला दिसला तर कळमन्याच्या बाजारात तोंड दाखवायला जागा नाही.

बर्डीवाला: दर व्यापाऱ्याला वेगळा डेटाबेस.

परसोडी_आयटी: मग सगळ्यांचा मिळून रिपोर्ट?

बर्डीवाला: तो मागितलाय कोणी?