मदत हवी आहे: जॉन हॉलची रायफल आणि इंटरचेंजेबल पार्ट, वर्गात नीट कसं सांगू?

वर्कशॉपमास्तर

नमस्कार मंडळी, मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या पोरांना मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमापशास्त्र शिकवतो. लिमिट्स-फिट्स-गेज (मापातली सूट, पार्टची जुळणी आणि माप तपासायची साधनं) सुरू करायच्या आधी इंटरचेंजेबिलिटी, म्हणजे एकाचा पार्ट दुसऱ्यात बसणं, आली कुठून हे सांगावं लागतं, आणि तिथे वर्षानुवर्षं एकच वाक्य चालत आलंय, अमेरिकन कारखानदार एली व्हिटनीने बंदुकांचे एकसारखे सुटे भाग बनवले. मला ते आता सांगवत नाही. व्हिटनीला अमेरिकन सरकारने १७९८ मध्ये १०,००० मस्केटचं (त्या काळच्या लांब लष्करी बंदुका) काम दिलं, बोली दोन वर्षांची, आणि काम पुरं झालं १८०९ मध्ये, आणि पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या शिल्लक मस्केट खोलून बघितल्या तर एकीचा पार्ट दुसरीत बसेना.

ज्याने हे खरोखर करून दाखवलं तो जॉन हॉल, मेन राज्यातल्या पोर्टलँडचा. त्याची रायफल ठासणीची नव्हती, म्हणजे तोंडातून दारू-गोळी घालून गजाने ठासायची गरज नाही, नळीच्या मागच्या टोकाला एक ब्लॉक, खालची कळ दाबली की त्याचं पुढचं तोंड वर उचललं जायचं, त्यात दारू आणि गोळी भरायची आणि ब्लॉक परत खाली बसवायचा. १८११ मध्ये पेटंट मिळालं पण तेही अर्धंच, कारण पेटंट ऑफिसचा प्रमुख विल्यम थॉर्नटन म्हणाला ही कल्पना आधी माझी होती, आणि पेटंटवर दोघांची नावं लागली. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

१८१९ मध्ये सरकारने त्याला हार्पर्स फेरीच्या शस्त्र कारखान्यात १,००० रायफली बनवायला बोलावलं, पगार महिना ६० डॉलर आणि रायफलीमागे १ डॉलर. पहिली काही वर्षं तो रायफली कमी आणि मशीन, फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची साधनं), गेजच जास्त बनवत होता, वरून खर्चाच्या तक्रारी. मग १८२६-२७ मध्ये सरकारी तपासणी समिती आली, शंभर रायफली खोलल्या, सगळे पार्ट एकत्र मिसळले, नव्या दस्त्यांवर परत जुळवल्या, आणि त्या जुळल्या.

आता मदत कुठे हवी ते सांगतो. हॉलचं एक तत्त्व असं की एका पार्टवर कितीही ऑपरेशन असोत, जॉब फिक्स्चरमध्ये पकडताना माप एकाच ठरलेल्या जागेवरून धरायचं. आपण ज्याला डेटम म्हणतो तेच हे, दोनशे वर्षांपूर्वी. पोरांना हे फळ्यावर पटकन पटेल असं कसं दाखवू? दुसरं, अमेरिकेत कुणी राहत असेल तर ही रायफल प्रत्यक्ष कुठे बघायला मिळते आणि ब्लॉक आणि नळी जिथे भिडतात त्या सांध्याचा जवळून फोटो मिळेल का? सगळी मेख त्या सांध्यात आहे, तिथे फट राहिली की गरम गॅस बाहेर येणार, त्यामुळे मापात ढिलाई त्याला परवडणारीच नव्हती असं माझं मत आहे.

गेजवाला

मास्तर, विषय भारी घेतलात. टूलरूममध्ये आम्ही नवीन पोरांना असं सांगतो बघा. पट्टीवर ओळीने पाच भोकं काढा. पहिलं भोक कडेपासून मोजा, दुसरं पहिल्यापासून, तिसरं दुसऱ्यापासून, प्रत्येक मापाला ०.१ मिमी इकडे-तिकडे सूट. पाचव्या भोकापर्यंत चूक साठत साठत ०.५ पर्यंत जाऊ शकते. आता पाचही मापं कडेपासूनच धरा, प्रत्येक भोक ०.१ च्या आतच राहतं. पोरांकडून दोन्ही पद्धतींच्या दोन-दोन पट्ट्या करून घ्या आणि एकाच पद्धतीच्या दोन एकावर एक ठेवून पाचही भोकांतून पिना घालायला लावा, चेन मापाच्या (एका भोकापासून पुढचं मोजलेल्या) पट्टीत पिन अडकते तेव्हा वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि गेजचं विसरू नका. कामगाराचं गेज रोज घासून झिजतं, म्हणून कामगाराचं वेगळं, इन्स्पेक्टरचं वेगळं आणि या दोन्ही तपासायला मास्टर वेगळं, ही पद्धत हॉलकडे होती. कानस मारून बसवणारा फिटर कितीही हुशार असला तरी त्याने बसवलेला पार्ट त्याच एका बंदुकीचा.

पूर्वकिनारा

मास्तर, हार्पर्स फेरी आता नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे, वॉशिंग्टनहून गाडीने साधारण दीड तास. पण हॉलचा रायफल कारखाना बघायला मिळेल या आशेने कुणी जाऊ नका, १८६१ मध्ये यादवी सुरू झाली तेव्हा शस्त्रागार जाळलं गेलं, मशिनरी दक्षिणेकडच्या लोकांनी उचलून नेली आणि शेनांडोआ नदीकाठी आता पाया-भिंतींचे अवशेषच आहेत. बंदुका बघायच्या तर मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड आर्मरीचं म्युझियम बेस्ट, जुन्या अमेरिकन लष्करी बंदुकांचा प्रचंड संग्रह आहे. मी पुढच्या महिन्यात तिकडे जाणार आहे, हॉल रायफल मांडलेली असेल तर काचेतून जमेल तेवढे फोटो काढते, सांध्याचा बाजूने आणि वरून दोन्ही.

एक सुचवू का, सिमियन नॉर्थला वर्गात जागा द्याच. कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनचा हा पिस्तूल बनवणारा, त्याला १८२८ मध्ये हॉलच्याच ५,००० रायफलींचं काम मिळालं आणि अट काय, तर त्याच्या कारखान्यातला पार्ट हार्पर्स फेरीच्या रायफलीत बसला पाहिजे. १८३४ पर्यंत ते जमलं. दोन वेगळ्या गावांतले दोन कारखाने, म्हणून मला तर हे समितीच्या परीक्षेपेक्षा मोठं वाटतं.

वर्कशॉपमास्तर

ताई, खूप खूप आभार, नॉर्थचा मुद्दा घेतोच, व्हेंडरकडून येणाऱ्या पार्टचा विषय तिथूनच उघडता येईल. गेजवाला दादा, पट्ट्यांचं प्रात्यक्षिक नक्की करणार, फक्त एक सांगा, पिन किती मापाची घेऊ? ६ मिमीचं भोक आणि ५.९ ची पिन घेतली तर चेन मापाच्या पट्ट्यापण बसून जातील का, का भोक रीमर मारून नेमकं करून घेऊ?