बाळ सांभाळणाऱ्या मावशी आणि आमचा फ्रीज

निशिगंध

आमचं बाळ चौदा महिन्यांचं. आम्ही दोघंही नोकरीवाले, पुण्यात. साबा-साबु (सासूबाई-सासरे) सांगलीला. ब्युरोकडून मावशी लावल्या आहेत, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. बाळाच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. वेळेवर भरवतात, बाळ जागं असताना मोबाइलला हात लावत नाहीत, त्याच्याशी दिवसभर गप्पा मारतात. ब्युरोशी ठरलेलं असं: दोन वेळचा चहा, नाश्ता आणि दुपारचं जेवण आमच्याकडे. पोळ्यावाल्या ताईंना त्यांच्या पोळ्या धरूनच कणीक भिजवायला सांगितली आहे, भाजी-आमटी सगळ्यांची एकच. ताट-कप वेगळा नाही. हे आधीच लिहिते, कारण कोणीतरी विचारणारच.

अडचण फ्रीजची आहे. अक्षय्य तृतीयेला काकांनी देवगडहून पेटी पाठवली. अढीतले तयार झालेले सहा आंबे संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी काढून ठेवले होते. घरी येऊन बघते तर तीन. मावशी हसत म्हणाल्या, "एक बाळाला दिला, दोन मी खाल्ले. काय गोड निघाले हो!" लपवाछपवी नाही, कबूल. पण विचारायला फोन आहे ना? दुसरं म्हणजे साय. बाळाच्या तुपासाठी मी रोजची साय डब्यात जमवते. विरजण लावायच्या दिवशी डबा उघडला की अर्धा. मावशींना साय-साखर-पोळी आवडते.

साबा म्हणतात कपाटाला कुलूप लाव. नवरा म्हणतो सोडून दे. मला दोन्ही पटत नाही. जेवण त्यांच्या हक्काचं आहे, पण खास म्हणून आणलेली वस्तू विचारल्याशिवाय उघडू नये. मग ती मावशींनी असो की माझ्या सख्ख्या भावाने. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

तर्कट

डझनाला बाराशे धरले तर आंबा शंभराला पडला. दोन आंबे दोनशे. त्या दोनशे रुपयांसाठी एवढा मजकूर टाइप केलात. ज्या बाईच्या हातात अख्खं मूल दहा तास सोपवता, तिच्या हातात आंबा गेला की मोजता. कमाल आहे.

राधिका_ठाणे

तर्कट, नेहमीप्रमाणे सोयीचा हिशेब. पैशांचा प्रश्न तिने काढलाच नाहीये. ऑफिसात कॅन्टीन फुकट असतं म्हणून कोणी शेजारच्याचा डबा उघडून खात नाही. संध्याकाळी पाहुणे समोर बसलेत आणि आंबे पुरत नाहीत, ही अडचण मावशींना दिसत नसते, म्हणूनच विचारायचं असतं. माझ्या आधीच्या ताईंनी बाळंतपणानंतरचे माझे डिंकाचे लाडू संपवले होते. आईने कंबरडं मोडून केलेले. मी दुसऱ्या दिवशी सरळ सांगितलं, हे माझ्या औषधासारखे आहेत, तुमच्यासाठी चिवडा-शेंगदाणालाडू वेगळे ठेवते. वाईट वाटलं असेल त्यांना, पण पुढे दीड वर्ष राहिल्या.

मीठभाकर

मी जरा दुसऱ्या बाजूने लिहिते. माझी आई घरकाम करायची, नंतर एका डॉक्टरीणबाईंची मुलं सांभाळायची. मी तिच्याबरोबर जायचे, म्हणून बघितलेलं सांगते.

बहुतेक घरांत तिचा कप बाल्कनीच्या कठड्यावर असायचा. दांडा तुटलेला. चहा वरून ओतायचे, कपाला कप लागणार नाही असा. आणि जाताना पिशवीत "घे गं, पोरांना होईल" म्हणून काहीतरी. आम्ही भावंडं पिशवी उघडली की आधी वास घ्यायचो. आईला ते आवडायचं नाही, पण तीही घ्यायची. आंबलेली आमटी ओळखायला मी तिथे शिकले.

त्या डॉक्टरीणबाईंकडे पहिल्याच दिवशी बाईंनी आईला स्वयंपाकघरात उभं करून दाखवलं. हे फडताळ सगळ्यांचं. यातलं भूक लागली की घ्यायचं, विचारायचं नाही. ही वरची फळी साहेबांच्या पथ्याची, तिला मीही हात लावत नाही. संपलं. आई तिथे सगळ्यात जास्त टिकली. पगार तिथे इतरांपेक्षा जास्त नव्हता.

"विचारून घ्या" हे तुम्हाला साधं वाटतं. तुमच्या भावाने "ताई, आंबा घेऊ का?" विचारलं तर ते लाड असतात. माझ्या आईने विचारलं असतं तर ते मागणं झालं असतं. ती उपाशी राहायची पण विचारायची नाही. तुमच्या मावशी मोकळेपणाने खातात आणि सांगतात, याचा अर्थ तुमचं घर त्यांना बरं वाटलंय. ते एका वाक्यात घालवू नका.

निशिगंध

मीठभाकर, वाचून गलबलले. तरीही विचारते, ती वरची फळी त्या डॉक्टरीणबाईंनाही लागलीच ना? मी तेवढंच म्हणते आहे.

मीठभाकर

लागली. पण आधी दाखवली, आंबे संपल्यावर नाही.

आठवा_मजला

लोक इथे उगाच भावुक होताहेत. ब्युरोला महिन्याच्या पगाराएवढं कमिशन मोजतो, पगार वेळेवर, खाडे कापत नाही, दिवाळीला एक पगार बोनस. वर फ्रीजही उघडा? आमच्याकडे शुद्ध शाकाहार आहे. आमच्या बाईंनी एकदा डब्यात सुकट आणून मायक्रोवेव्हमध्ये गरम केली. वास तीन दिवस जाईना, आईने देवघर धुवून काढलं. तेव्हापासून नियम: डबा आणायचा नाही, आमचंच खायचं, आणि देऊ तेवढंच खायचं.

तर्कट

म्हणजे तिचं तिने खायचं नाही आणि तुमचं पोटभर खायचं नाही. मग तिने नेमकं काय करावं, श्वासावर राहावं?

आठवा_मजला

पोटभर देतो. दोन पोळ्या, भाजी, भात.

रानवारा

आठवा मजला, दहा तास मूल कडेवर घेऊन फिरणाऱ्या बाईला पोळ्या मोजून? एक दिवस स्वतः करून बघा, तिसरी पोळी आपोआप मागाल. तुमच्या घरात मांसाहार शिजू नये हे मी समजू शकते, घर तुमचं आहे. पण ते ठेवतानाच सांगायचं असतं, आणि सुकटीच्या बदल्यात जे द्याल ते तरी हात सैल सोडून द्या. अजून एक, आमच्या ताई चतुर्थी आणि गुरुवार धरतात. आमच्याकडे कोणीच काही धरत नाही, त्यामुळे पहिले काही गुरुवार त्या नुसत्या चहावर होत्या आणि मला पत्ताच नाही. बोलल्या नाहीत. आता बुधवारी रात्री साबुदाणा भिजवते. कोण काय खातं आणि कधी खात नाही, हे मालकिणीने विचारायला काय हरकत आहे? विचारण्याची जबाबदारी फक्त त्यांनीच का घ्यायची?

कायदेपंडित_नाही

थोडी माहिती, कारण "नियम काय" असं कोणी विचारलं नाही तरी विचारायला हवं होतं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. त्यात नोंदणी आणि कल्याणाच्या योजना आहेत; जेवणात काय द्यायचं हे तो सांगत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांविषयीचा करार, क्रमांक १८९, २०११ साली झाला. कामाच्या अटी कामगाराला समजेल अशा रीतीने सांगाव्यात असं त्यात आहे, आणि त्या अटींच्या यादीत पगार, कामाचे तास, सुटी यांच्याबरोबर जेवणाची सोयही आहे. भारताने तेव्हा कराराच्या बाजूने मत दिलं, पण आजतागायत त्याला मान्यता दिलेली नाही.

पुण्यात राहणाऱ्यांसाठी: घरकामाच्या बायकांनी याच शहरात १९८० साली संप केला होता आणि त्यातून संघटना उभी राहिली. ही मंडळी "नशिबाने मिळालेलं" खात नव्हती, तेव्हाही.

आणि वेगळ्या कपाबद्दल. त्याला स्वच्छतेचं कारण देणाऱ्यांनी सांगावं, तोच कप घासून ठेवणारी बाई तुमचे बाकीचे कप कोणत्या हातांनी घासते? १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्यावरून सत्याग्रह करावा लागला. आपण अजून कपावरच अडलोय.

सिंगापूरची_सई

इकडे मदतनीस घरातच राहते, त्यामुळे हा विषय जास्त चिघळतो. इथल्या मनुष्यबळ खात्याचा नियम आहे की रोज तीन वेळचं पुरेसं जेवण द्यायचंच. "पुरेसं" म्हणजे काय यावर वाद नकोत म्हणून खात्याने नमुनाही दिला आहे: नाश्त्याला ब्रेडचे ४ तुकडे काहीतरी लावून, दोन्ही जेवणांना भात, शिजवलेली भाजी, तळहाताएवढं मांस किंवा मासा, आणि फळ. वाचून आधी हसू येतं. मग आठवतं की हे लिहावं का लागलं. इथे एका जोडप्याने मदतनीस बाईला जवळजवळ नुसत्या ब्रेड-नूडल्सवर ठेवलं होतं. ४९ किलोची बाई २९ किलोवर आली. २०१७ मध्ये दोघांनाही तुरुंगवास झाला. पुढे अपिलात शिक्षा वाढली.

रोज येणारी बाई निदान घरी जाऊन पोटभर खाऊ शकते, येताना वडापाव खाऊ शकते. राहत्या बाईला तुमचा फ्रीज हाच एक फ्रीज. रात्री दहाला भूक लागली तर तिने कुठे जायचं? म्हणून आमच्याकडे उलटं केलं आहे. एक कप्पा तिचा. तिच्या आवडीचं सामान महिन्याच्या यादीत, ती सांगेल ते, तिखट सॉस, सुके मासे, कॉफी. त्या कप्प्याला आम्ही हात लावत नाही. माझी मुलगी लावते, तो भाग वेगळा.

राधिका_ठाणे

सई, हे पटलं. तिला स्वतःची जागा मिळाली की "आमचं-तुमचं" दोन्ही बाजूंनी होतं. मी नुसतं "हे घेऊ नका" सांगत होते तेव्हा ते कोतं वाटायचं. "हे तुमचं" सांगायला लागल्यावर दुसरं वाक्य फारसं बोलावंच लागलं नाही.

दोन_पोरांची_आई

सगळे आंब्यावर बोलताहेत, मला काळजी वेगळी. मावशी काय खातात यापेक्षा कोणासमोर खातात हे महत्त्वाचं. आमच्या ताई चारच्या चहात बिस्किट बुडवून खायच्या आणि शेवटचा घास धाकट्याच्या तोंडात. प्रेमाने. दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको, चहा तर नकोच, हे डॉक्टरांनी बजावलेलं. संध्याकाळी नाचणीचं सत्त्व बघितलं की पठ्ठ्या तोंड फिरवायचा. दुसरं म्हणजे बाळाच्या चमच्याने आपण चव घेऊन तोच चमचा त्याला. माझी आईही हेच करायची, त्यामुळे ताईंना एकटीला बोलले असते तर अन्याय झाला असता. दोघींना एकत्र बसवून सांगितलं. आई रुसली, ताई नाही.

तिथे मी ऐकून घेत नाही. मुलाच्या वाटीचा नियम कडक. मोठ्यांच्या ताटात मात्र मी डोकावत नाही.

आठवा_मजला

कोणी कितीही म्हणा, बोट दिलं की हात धरतात. आज आंबा, उद्या उचल, परवा "मुलीच्या लग्नाला मदत करा".

मीठभाकर

उचल मागितली होती आईने. माझ्या बारावीच्या फीसाठी. फेडली. तुमच्या आठव्या मजल्यावर बँकेचं कर्ज नाही ना?

निशिगंध

काही प्रतिसादांवर विचार केला, काही सोडून देते. कुलूप लावणार नाही, ते मला कधीच मान्य नव्हतं. आंब्यांचं असं ठरवलं आहे की उरलेल्या पेटीतले सहा मावशींना घरी न्यायला देणार. आज पिकले की टाकायचे म्हणून नव्हे, चांगले निवडून. त्यांच्या घरी नातू आहे. फ्रीजचा मधला कप्पा सगळ्यांचा, खालच्या डब्यांवर पाहुण्यांचं किंवा बाळाचं असेल तर मी सकाळीच बोलून ठेवणार. पण "विचारणं म्हणजे मागणं" हे सगळं ओझं मी एकटीने घ्यावं हे मला पटत नाही. मी दिवसभर ऑफिसात, प्रत्येक डब्याची घोषणा करून निघता येत नाही. काही अंदाज समोरच्यानेही घ्यावा. अढीतून काढून टोपलीत मांडलेले सहा आंबे कशासाठी असतील, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

आणि साय बाळाचीच. त्यावर चर्चा नाही.

तर्कट

दीड लिटर दुधाची साय ती किती, आणि चौदा महिन्यांचं मूल तूप खाणार किती? अर्धं तूप तुमच्या नवऱ्याच्या वरणभातावर जातंय, विचारून बघा.

निशिगंध

तर्कट, नवरा दुधाचा खर्च देतो.

रानवारा

अगं, मग दूध पाव लिटर वाढव! साखर-सायीच्या पोळीसाठी बाई टिकत असेल तर ब्युरोच्या नव्या कमिशनपेक्षा स्वस्तच पडेल.

तर्कट

धागा दोनशे रुपयांवरून सुरू झाला होता, पाव लिटरवर आला. प्रगती आहे.