आठवीनंतर शाळा का सुटते? तुमचे अनुभव लिहा

शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू आहे, पण तो 6 ते 14 वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. मुंबईत पालिकेच्या बऱ्याच शाळाही सातवी-आठवीलाच संपतात. नववीला नवी शाळा शोधा, आणि मुलं गळतात ती नेमकी तिथेच. घरात, वस्तीत जे पाहिलंय ते लिहा. शाळेचं नाव नको.

गोवंडीकर ताई
आमच्या शेजारची पोरगी वर्गात पहिली यायची. नववीची शाळा लांब, वाटेत देवनार डम्पिंगला जाणाऱ्या गाड्या. आई पहाटे धुणीभांड्याला निघते, धाकट्याला बघायला घरात कुणी नाही. मुलींना बारावीपर्यंत फी माफ असते हे त्यांना ठाऊक होतं, अडलं ते रिक्षाच्या पैशांवर आणि धाकट्यावर. हीच जागा मुलाची असती तर रिक्षा परवडली असती, असं माझं मत. शेजारी वाचत असतील तर वाचू देत.

एक बाबा, कुर्ला
लेकाला आरटीईच्या, म्हणजे याच शिक्षणहक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांत खासगी शाळेत प्रवेश मिळाला होता. आठवीपर्यंत फी नाही. नववीला शाळेने पूर्ण फी मागितली. दुसरीकडे गेलो तर म्हणाले, आधी शाळा सोडल्याचा दाखला आणा. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवू नये असं कायद्यात आहे, पण तेही आठवीपर्यंतच! शेवटी मिळाला प्रवेश, दिवाळीच्या तोंडावर.

रात्रशाळेतला मास्तर
माझी पोरं दिवसा हॉटेलात, गाळ्यात, हाऊसकीपिंगला. झोप काढायला वर्गात येतात म्हणा ना. पण येतात! बालमजुरीच्या कायद्यात 2016 ला दुरुस्ती झाली ती शिक्षणहक्काच्या वयाशी जुळवूनच. चौदा संपले की धोक्याची कामं सोडून बाकी कामाला मोकळीक. शाळेचा हक्कही त्याच वाढदिवशी संपतो. मग बाप काय निवडणार? घरच्या धंद्यात हात लावायला तर चौदाच्या आतही सूट आहे, शाळेची वेळ सोडून.
गोवंडीकर ताई, त्या मुलीला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येईल. दाखला मात्र लागेल.

गोवंडीकर ताई
सर, दाखला काढलेलाच नाही. आईने एक दिवस दांडी मारली तर काम जाईल म्हणते. मी जाते तिच्यासोबत, पण सही पालकाचीच मागतील ना?