४० हजारांत घरगुती सीएनसी: मखराच्या जाळ्या आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम जमेल का?

डिचोलीकर:
नमस्कार. चवथीच्या मखरासाठी १२ मिमी प्लायच्या जाळ्या, शिवणीच्या आणि फणसाच्या फळ्यांवर नावाच्या पाट्या, आणि कधीमधी ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापायची आहे. त्यासाठी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणारं-कापणारं मशीन, घरीच बनवतोय. टेबल ६०० × ९०० मिमी धरलंय. चौकट १८ मिमी एमडीएफची (दाबलेल्या लाकडाच्या भुश्याची फळी), दोन्ही टोकांना धरलेले १२ मिमीचे गोल रॉड, सरकवायला ८ मिमीचा लीड स्क्रू, तो फिरवायला नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरी, आर्डुइनो उनो या कंट्रोल बोर्डावर सीएनसी शिल्ड (वर बसणारा जोडबोर्ड) आणि मोटरींना वीज देणारे ए४९८८ ड्रायव्हर, बिट फिरवणाऱ्या स्पिंडलला ७७५ ही छोटी डीसी मोटर. बजेट ४० हजार. यात चुकतंय कुठे?

वेर्णा_फिटर:
सगळ्यात आधी रॉड. १२ मिमीचा पोलादी रॉड ९०० मिमी अंतरावर नुसता टेकवला आणि मधोमध ५ किलो वजन दिलं, तर तो साडेतीन मिमीपेक्षा जास्त वाकतो. टोकं घट्ट धरली तर वाक कमी होतो, पण नक्षीच्या कामाला तोही परवडत नाही. वाक लांबीच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणजे अंतर निम्मं केलं की वाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून टेबल ४०० × ६०० करा, आणि रॉडऐवजी खालून पूर्ण आधार असलेली एसबीआर १६ रेल किंवा चौकोनी एचजीआर १५ घ्या. पैसे इथेच घालवा, मोटरीत नव्हे.

चौकटीला ५० × ५० ची एमएस (साध्या पोलादाची) चौकोनी ट्यूब. वेल्डिंगने ती ओढली जाणारच, म्हणून वेल्डिंग झाल्यावर वरून सरळ पट्टी टेकवून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजायची आणि रेलखाली शिम, म्हणजे तेवढ्या जाडीचा पत्रा, घालायची. त्याशिवाय बोल्ट आवळले तर रेल ट्यूबचा वाक घेते. पहिली रेल दोरी लावून सरळ करा आणि पक्की करा. दुसरी सैल ठेवा, गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल) हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्या, आणि ती जिथे असेल तिथलेच बोल्ट आवळत चला. कुठे जड लागली तर तिथला बोल्ट सोडा, जोर लावू नका. गुण्या तपासायला ३००-४००-५०० चा त्रिकोण. कर्ण बरोबर ५०० आला की गॅन्ट्री काटकोनात आहे.

स्क्रू १६०५ चा (१६ मिमी जाड, फेऱ्याला ५ मिमी) बॉल स्क्रू घ्या. मोटरीकडे बीके १२ बेअरिंग ब्लॉक, दुसरीकडे बीएफ १२. ते टोक मोकळं सरकू द्यायचं, नाहीतर गरम झाल्यावर स्क्रू धनुष्यासारखा फुगतो. नट स्क्रूवरून कधीच काढू नका. आतल्या गोळ्या सांडतात आणि त्या परत बसवणं जिकिरीचं काम आहे.

स्टेप_आणि_दिशा:
ए४९८८ चा प्रश्न असा की पंख्याशिवाय तो १ अँपियरच्या आसपासच टिकतो. १६०५ स्क्रूला नेमा २३ ही मोठी मोटर लावा, सोबत डीएम५४२ सारखे सुटे ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा सप्लाय. शिल्ड नको, उनोतून स्टेप आणि दिशेच्या तारा थेट ड्रायव्हरला. ड्रायव्हरवर मोटरीच्या एका फेऱ्याला १६०० पल्स निवडा. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकतो, म्हणून ग्रबलमध्ये (उनोवर चालणाऱ्या सीएनसी प्रोग्राममध्ये) $१०० या सेटिंगला, म्हणजे मिमीला किती पल्स याला, ३२० द्या. मग १०० मिमीची आज्ञा देऊन व्हर्नियरने मोजून पाहा. $१ = २५५ ठेवा, नाहीतर थांबल्यावर मोटर सैल पडते.

शिल्डच वापरायची असेल तर एक खोड लक्षात ठेवा. ग्रबल १.१ मध्ये झेडचा (वर-खाली अक्षाचा) लिमिट, म्हणजे टोकाला मशीन थांबवणारा स्विच, १२ नंबरच्या पिनवर आणि स्पिंडलचा वेग ठरवणारा पीडब्ल्यूएम सिग्नल ११ वर आहे, पण जुन्या शिल्डवर छापलेली नावं उलटी आहेत. झेडचा लिमिट लागतच नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

लिमिट स्विच एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) जोडा आणि $५ = १ करा, म्हणजे तार तुटली तर मशीन थांबतं. स्पिंडल म्हणून ब्रश असलेला राउटर (लाकूड कोरायची हातातली मोटर) लावला आणि तो चालू झाला की खोटे लिमिट लागतात. पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, शिल्डेड तारेचं कवच एकाच टोकाला अर्थ करा, राउटरची तार वेगळ्या बाजूने न्या. पावसात वीज जाते, म्हणून होमिंग, म्हणजे सुरुवातीला स्विचपर्यंत जाऊन मशीनने आपली जागा ठरवणं ($२२ = १), सोडू नका. कामाचा शून्य बिंदू जी५४ आज्ञेत ठेवला तर बोर्डात साठून राहतो, जी९२ चा पुसला जातो.

७७५ मोटर पाटी कोरेल, १२ मिमी प्लायला पुरणार नाही. वेग बदलता येणारा ट्रिम राउटर घ्या. प्लायला ६ मिमीचा दोन धारांचा डाउन-कट बिट (कीस खाली ढकलणारा), १६,००० आरपीएम, मिनिटाला १५०० मिमी, एका फेरीत ३ मिमी खोली. कडा काळी पडून जळका वास आला तर फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) वाढवा किंवा आरपीएम उतरवा. काळजीने फीड कमी केलीत तर बिट कापायचं सोडून घासत राहतो. अ‍ॅल्युमिनियमला ३ मिमीचा एकधारी अप-कट (कीस वर काढणारा), १२,००० आरपीएम, मिनिटाला ३०० मिमी, खोली ०.२ मिमी, आणि बारीक कीस उडवायला हवेचा झोत सतत. तो खाचेत राहिला की बिटला चिकटतो आणि बिट मोडतो.

कुंभारजुवे_सुतार:
एमडीएफ चौकटीला अजिबात नको, पावसाळ्यात कडेने फुगतो. फक्त बळीच्या फळीला (कामाखाली ठेवायची, बिट लागला तरी चालेल अशी फळी) वापरा, आणि तीही आषाढात एकदा राउटरने खरवडून सपाट करून घ्या. बाकी लाकूड आयएस ७१० चं मरीन प्लाय, कापलेल्या कडांना वार्निश. रेलला तेल लावायच्या आधी भुसा पुसा, नाहीतर तेलात भुसा कालवून लगदा होतो आणि बेअरिंग अडतं. सागाचा बारीक भुसा छातीला आणि कातडीला त्रास देतो, मास्क लावा.

डिचोलीकर:
सगळ्यांचे आभार. ४०० × ६०० मान्य. पण मखराची जाळी ९०० लांब आहे, तिचं काय?

वेर्णा_फिटर:
चौकट पुढून मागून उघडी ठेवा, फळी आरपार जाईल. बळीच्या फळीत वाय (लांबीच्या अक्षावर) ५० वर, एकमेकांपासून ३६० मिमी अंतरावर ६ मिमीची दोन भोकं मशीननेच पाडा. जाळीचा पहिला भाग कापताना प्लायच्या टाकाऊ कडांत वाय ५०० वर, त्याच एक्सला (रुंदीच्या अक्षावर त्याच जागी) तशीच दोन भोकं. मग प्लाय ४५० पुढे ओढून चारही भोकं जुळवा आणि ६ मिमीच्या डॉवेल पिना घाला. दुसऱ्या भागाच्या प्रोग्राममध्ये वाय ४५० ने कमी. आधी टाकाऊ तुकड्यावर एक सरळ रेघ दोन भागांत ओढून पाहा. सांध्यावर पायरी दिसली तर दोष पिनेच्या सैलपणात आहे, भोकं ५.९ मिमीची करा.